ईजबेलवरचा खरा आरोप

बायबलमध्ये ईजबेलचे सलग चरित्र कुठेच नाही. 'राजे' या नावाच्या दोन ग्रंथांत मिळून ती चार-पाच ठिकाणी येते, कधी एका ओळीपुरती, कधी एका प्रसंगापुरती. तिच्या तोंडची वाक्ये बोटांवर मोजावीत इतकी थोडी. एक धमकीचा निरोप, रुसून बसलेल्या नवऱ्याशी झालेले तुटक बोलणे, एक पत्र, आणि मरण दारात उभे असताना खिडकीतून मारलेला एक टोमणा. एवढ्याशा मजकुरावर तिची जी अपकीर्ती उभी राहिली ती मात्र अफाट आहे. इंग्रजी बोलणाऱ्या मुलखात एखाद्या बाईला तिचे नाव लावले की पुढे काही सांगावे लागत नाही. ती नटवी, निर्लज्ज, पुरुषांना नादी लावून त्यांचे वाटोळे करणारी, हे ऐकणारा समजून घेतो. १९३८ साली हॉलिवूडने अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका हट्टी मुलीवर चित्रपट काढला तेव्हा त्याला हेच नाव दिले, आणि त्यातल्या भूमिकेसाठी बेट डेव्हिसला ऑस्कर मिळाले. त्या मुलीचा अपराध काय, तर कुमारिकांनी पांढऱ्या पोशाखात यायचे अशा मेजवानीला ती लाल झगा घालून गेली.

मूळ ग्रंथ उघडून पाहिला तर ईजबेलने नादी लावलेला पुरुष त्यात शोधून सापडत नाही. तिला एकच नवरा होता. तो लढाईत पडल्यावर ती दहा-बारा वर्षे राजमाता म्हणून जगली, आणि त्या वर्षांतही परपुरुषाचा उल्लेख नाही. तिने केलेला गुन्हा वेगळा आहे आणि तो लहान नाही. राजाची मोहोर वापरून तिने एका जमीनमालकाला खोट्या खटल्यात गुंतवले, त्याला दगडांनी ठेचून मारवले आणि त्याची वाडवडिलार्जित जमीन नवऱ्याच्या पदरात टाकली. हा गुन्हा लोकांच्या आठवणीतून जवळजवळ निघून गेला. ज्याचा कसलाही पुरावा नाही तो छिनालपणाचा शिक्का तेवढा उरला. ही अदलाबदल कशी झाली आणि ती कोणाच्या सोयीची होती, एवढेच या पुस्तकात शोधायचे आहे. तिला निर्दोष सोडवण्याचा माझा विचार नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्या अपेक्षेने पुस्तक हाती घेणाऱ्यांची निराशा इथेच होऊन जाईल.

ईजबेलचे नाव सर्वसाधारण मराठी वाचकाच्या कानावर नसेल. तिच्या वैऱ्याचे नाव मात्र कोकणातल्या काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या घेतले गेले आहे. बायबलमधला एलीया संदेष्टा म्हणजे बेने इस्राएलांचा एलियाहू हन्नाबी. रायगड जिल्ह्यात मुळे असलेल्या या यहुदी कुटुंबांत लग्नकार्य असो, नवस फेडणे असो, मलिदा होतो: भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे, वर फळे, आणि एलियाहूचे नाव. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. ग्रंथात एलीया अग्निरथ आला तेव्हा वावटळीतून स्वर्गात गेला असे आहे, आणि त्याच रथाचा हा माग अशी भाविकांची श्रद्धा. कोकणातला हा एलियाहू हाकेला धावणारा, संकटात पाठीशी उभा राहणारा आहे. 'राजे' ग्रंथातला एलीया मात्र केसाळ झगा आणि कातडी कमरबंद घालणारा, रानात राहणारा, राजाच्या तोंडावर शाप उच्चारणारा उग्र पुरुष आहे. ईजबेलची गोष्ट खरे तर त्याच्याच गोष्टीत अडकलेली आहे. तो नायक असल्यामुळे ती खलनायिका आहे, आणि नायकाच्या भक्तांनी लिहिलेल्या कथेत खलनायिकेच्या वाट्याला जेवढी जागा यावी तेवढीच तिला मिळाली आहे.

काळ इसवी सनापूर्वी नववे शतक. शलमोनाच्या राज्याचे दोन तुकडे झाले होते, दक्षिणेला यहूदा आणि उत्तरेला इस्राएल. उत्तरेत गादी टिकत नव्हती. जिम्री नावाच्या रथदळाच्या सरदाराने धन्याला मारून राज्य घेतले ते सात दिवस टिकले. त्याच्यामागून आलेला सेनापती अम्री मात्र पक्का निघाला. त्याने शेमेर नावाच्या माणसाकडून दोन किक्कार चांदीला एक टेकडी विकत घेतली, तिच्यावर शोमरोन ही राजधानी वसवली, आणि पुढे मुलगा अहाब याला सीदोनी राजा एथबालची मुलगी केली. तीच ईजबेल. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरची सोर आणि सीदोन ही फिनिशियन बंदरे जहाजे, गंधसरूचे लाकूड आणि जांभळा रंग यांवर श्रीमंत झालेली होती, पण पाठीशी डोंगर असल्याने धान्याला जमीन अपुरी. इस्राएलकडे गहू होता, तेल होते, आणि समुद्र गाठायला वाट हवी होती. या लग्नाचा हिशोब एवढा सरळ आहे.

तिचा बाप कोण होता हे बायबलबाहेरूनही कळते. योसेफस या यहुदी इतिहासकाराने मेनांदर नावाच्या ग्रीक लेखकाचा आधार घेऊन सोर नगरीच्या राजांची यादी जपून ठेवली आहे. तिच्यात हा एथबाल अस्तार्ते देवीचा पुजारी होता आणि राजाला मारून गादीवर बसला, त्याने ३२ वर्षे राज्य केले, असे आहे. म्हणजे ईजबेल नुसती राजकन्या नव्हती, पुजाऱ्याच्या घरात वाढलेली मुलगी होती. देवाधर्माचे तिला जे अगत्य होते ते चैनीचे नव्हते. हीच यादी पुढे वाचत गेले की एलिसा भेटते, भावाशी फाटल्यावर सोर सोडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज वसवणारी. नात्याने ती ईजबेलच्या भावाची नात लागते. लॅटिन कवींनी तिला डायडो म्हणून अजरामर केले. एकाच माहेरच्या दोन लेकी. एकीला कवी मिळाला.

मेनांदरच्या मजकुरातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बायबलमध्ये एलीया अवर्षणाची घोषणा करतो, पाऊस तिसऱ्या वर्षापर्यंत पडत नाही, आणि शेवटी त्याच्याच प्रार्थनेने आभाळ भरून येते. मेनांदर एथबालच्या कारकिर्दीतल्या एका अवर्षणाची नोंद करतो. ते वर्षभर टिकले, मग राजाने देवाची करुणा भाकली आणि गडगडाट झाला. योसेफसला दोन्ही वृत्तांत एकाच दुष्काळाचे वाटले. तसे असेल तर त्या पावसाचे श्रेय किनाऱ्यावर ईजबेलच्या बापाला गेले आणि डोंगरात तिच्या वैऱ्याला. डोंगरातली कथा जगभर गेली. किनाऱ्यावरची योसेफसने उद्धृत केली नसती तर आज शिल्लकच नसती, कारण फिनिशियन लोकांचा स्वतःचा इतिहास त्यांच्या हातचा असा जवळजवळ काहीच उरलेला नाही.

ज्यांच्या हातचे उरले त्यांनी अम्रीच्या घराण्याविषयी काय लिहिले तेही पाहावे. बायबल अम्रीला जेमतेम सहा-सात वचनांत आटोपते. मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख १८६८ साली यार्देनपलीकडे धीबान येथे सापडला, तो आज पॅरिसच्या लूव्हरमध्ये आहे. त्यात मेशा स्वतःच सांगतो की अम्रीने मवाबला दीर्घकाळ दडपून ठेवले होते. ॲसिरियाचा राजा तिसरा शल्मनेसर याने इ.स.पू. ८५३च्या कारकारच्या लढाईत आपल्याविरुद्ध उभ्या ठाकलेल्या राजांची यादी दगडावर कोरली, तीत अहाबच्या नावापुढे २,००० रथ आणि १०,००० पायदळ आहे. दगडावरच्या विजयी राजांचे आकडे जरा हात राखून घ्यावेत, तरीही अहाब हा त्या आघाडीतला मोठा भागीदार होता हे उघड आहे. बायबलमध्ये या लढाईचा शब्दही नाही. तिथला अहाब म्हणजे बायकोच्या मुठीतला नवरा.

याचे कारण लिहिणाऱ्यांच्या हेतूत आहे. उत्तरेचे राज्य इ.स.पू. ७२२च्या सुमारास ॲसिरियाने बुडवले, यरुशलेम ५८६च्या सुमारास बाबेलने जाळले. 'राजे' ग्रंथाचा आजचा आकार त्या पडझडीच्या काळात घडला, असे मार्टिन नोट या जर्मन अभ्यासकाने १९४३ साली मांडले आणि तपशिलातले वाद सोडले तर ते बहुतेकांनी मान्य केले. म्हणजे ईजबेल आणि ग्रंथाचा शेवटचा हात यांच्यात तीनेकशे वर्षांचे अंतर पडते. लिहिणाऱ्यांपुढे प्रश्न एकच होता: आपले राज्य का गेले? आपण दुसऱ्या देवांच्या मागे लागलो म्हणून, हे त्यांचे उत्तर. या उत्तराला एक चेहरा हवा होता. परक्या देशाची, परक्या देवाची, वर बाई, आणि सत्ता हाताळणारी बाई. याहून सोयीचा चेहरा त्यांना मिळणे कठीण होते.

पण बआल या परक्या देवाची भक्ती तिने माहेरून पेटाऱ्यात भरून आणली, हे मात्र खरे मानता येत नाही. सिनाईच्या वाळवंटात कुंतिलेत अज्रुद येथे १९७५-७६ साली झालेल्या उत्खननात रांजणांवरची अक्षरे मिळाली. त्यांत शोमरोनच्या यहोवाचे, म्हणजे इस्राएलच्या देवाचे, नाव अशेरा देवीच्या नावाशेजारी घेऊन आशीर्वाद दिलेला आहे. शोमरोनला सापडलेल्या, पुढच्या शतकातल्या, तेल-द्राक्षारसाच्या खापरांवरच्या नोंदींत यहोवाच्या नावाची माणसे आहेत तशी बआलाच्या नावाचीही आहेत. एका दिवाणखान्यात दोन्ही जमत असणार. ईजबेलच्या घरातलीच गोष्ट घ्या. अहज्या आणि योराम या तिच्या मुलांच्या नावांत कोणाचा देव आहे? यहोवाचाच. अहाबच्या वाड्याचा कारभारी ओबद्या, त्याचे नावही 'यहोवाचा सेवक'. राज्यातून यहोवाचे नाव पुसायला निघालेली बाई आपल्या पोरांची नावे अशी ठेवू देईल हे पटत नाही.

तरीही संदेष्ट्यांच्या हत्येचा आरोप तिच्यावर आहेच, आणि तो मी झटकत नाही. ग्रंथ तो जाता जाता करतो: ती यहोवाच्या संदेष्ट्यांना मारत होती तेव्हा ओबद्याने शंभरांना दोन गुहांत लपवून जगवले. किती मेले, कुठे, कशासाठी, काही सांगितलेले नाही. एलीयाने केलेली कत्तल मात्र कथेच्या ऐन मध्यावर आहे. कर्मेल डोंगरावर कोणाचा देव आग पाठवतो याची पैज लागते, ४५० बआल-पुजारी हरतात, आणि एलीया त्यांना किशोन ओढ्याकाठी नेऊन कापून काढतो. हे वाचताना श्रोत्यांनी आनंद मानावा अशी योजना आहे. फिलिस ट्रिबल या अमेरिकन अभ्यासिकेने १९९५ सालच्या एका निबंधात ईजबेल आणि एलीया यांना समोरासमोर ठेवून दाखवले की दोघांचे वागणे किती सारखे आहे: दोघेही आपल्या देवाचे कट्टर, दोघांच्या हाताला विरोधी पुजाऱ्यांचे रक्त. कथा सोरमध्ये लिहिली गेली असती तर खलनायक बदलला असता. मला ट्रिबलचे म्हणणे पटते, एका पुस्तीसह. कर्मेलनंतर ईजबेल एलीयाला उद्यापर्यंत तुला संपवते असा निरोप पाठवते. ज्याला मारायचे त्याला कोणी आगाऊ कळवत नाही. तिला त्याला पळवून लावायचे होते, हुतात्मा करायचे नव्हते, आणि तो पळालाही, थेट होरेब डोंगरापर्यंत. राजकारण तिला कळत होते.

ती परकी होती म्हणूनच तिच्यावर राग, असा सोपा निष्कर्षही टिकत नाही. दुष्काळात एलीयाला आसरा कोण देते? सारफथची एक विधवा, आणि सारफथ हे सीदोनच्या मुलखातले गाव, म्हणजे ईजबेलच्याच देशातली बाई. शेवटच्या मूठभर पिठाची भाकर ती त्याला आधी करून घालते. ग्रंथकर्त्याला परकी बाई चालते. गरीब असावी, संदेष्ट्याचे ऐकणारी असावी.

आता नाबोथ. या पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग त्याने घेतला आहे आणि त्याबद्दल मला खेद नाही.

इज्रेल येथे अहाबच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. त्याने बदल्यात चांगली जमीन देऊ केली, नाहीतर रोख किंमत. नाबोथाने नकार दिला, वाडवडिलांचे वतन देणार नाही म्हणाला. कायदा त्याच्या बाजूने होता. राजा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडला, जेवेना. ईजबेलने विचारले, इस्राएलचा राजा तूच ना? मग तिने राजाच्या नावाने, राजाच्या मोहरेनिशी गावच्या वडीलजनांना पत्रे लिहिली: उपासाचा दिवस जाहीर करा, नाबोथाला मानाच्या जागी बसवा, दोन हलकट माणसे साक्षीला उभी करा, त्यांनी सांगावे की याने देवाला आणि राजाला शिव्या दिल्या. तसेच झाले. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडमार केला. राजा मळ्याचा ताबा घ्यायला उतरला आणि तिथे एलीया उभा.

या प्रकरणावर बहुतेक टीकाकार ठरावीक टीप देतात: फिनिशियन राजे निरंकुश होते, त्यामुळे जमिनीवरचा प्रजेचा हक्क ही कल्पनाच तिला परकी होती. मला ही टीप आळशी वाटते. तिचे पत्र पुन्हा वाचा. उपास, पंचांसमोर बसवणे, दोन साक्षीदारांची अट, देवनिंदेला दगडमार: हा सारा इस्राएली न्याय आहे आणि तो तिला तोंडपाठ आहे. ती कायदा मोडत नाही, वापरते. म्हणूनच तो गुन्हा इतका भयंकर आहे. आणि ती एकटी नव्हती. पत्र राजाच्या नावाने आले तरी काम झाल्याचे उत्तर वडीलजनांनी राजाला पाठवले नाही, ईजबेलला पाठवले. पत्र कोणाचे हे त्यांना पक्के ठाऊक होते. एकानेही शंका काढली नाही. अहाबनेही मळा अचानक मोकळा कसा झाला असे विचारले नाही.

यात आणखी एक गुंता आहे. पुढे येहू हा सेनापती बंड करून योरामला मारतो तेव्हा तो नाबोथाचीच आठवण काढतो, पण त्याच्या आठवणीतला तपशील वेगळा आहे. तिथे नाबोथाबरोबर त्याचे मुलगेही मारलेले आहेत, मळ्याऐवजी शेताचा तुकडा आहे, अपराधी अहाब आहे, आणि पत्र, मोहोर, ईजबेल यांपैकी काहीही नाही. अलेक्झांडर रोफे या इस्राएली अभ्यासकाने १९८८ साली मत मांडले की येहूच्या तोंडची हकीकत जुनी आणि पत्राची कथा खूप नंतरची, बाबेलहून परतलेल्या समाजात परजातीच्या बायकांविरुद्ध मोहीम चालू होती त्या काळची. हे खरे असेल तर नाबोथाच्या खुनात ईजबेलला नंतर आणून बसवले आहे. शनिवारवाड्यातल्या खुनानंतर 'ध चा मा' आनंदीबाईच्या नावावर जमा झाला आणि रघुनाथराव लोकांच्या तोंडी निम्मा सुटला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या चालीचे नवल वाटणार नाही. रोफेचा युक्तिवाद मला वजनदार वाटतो, निर्णायक वाटत नाही. म्हणून मी पुस्तकभर ईजबेलला ग्रंथात उभी आहे तशीच, पत्रासकट धरले आहे.

तशी धरूनही एक तुलना टाळता येत नाही. दावीद राजानेही एक पत्र लिहिले होते. उरीया या आपल्या शिपायाच्या बायकोला, बथशेबाला, त्याने घरी आणले, तिला दिवस गेले, मग त्याने सेनापतीला लिहिले की उरीयाला ऐन चकमकीत पुढे ठेवा आणि मागे हटा. ते पत्र त्याने उरीयाच्याच हाती दिले. राजाची सत्ता, पत्र, निरपराध माणूस, त्याच्या मालकीचे काही बळकावणे, सारे तेच. शिवाय इथे व्यभिचार खरोखर आहे. दावीदाकडे नाथान संदेष्टा आला, त्याने दृष्टान्त सांगितला, राजा रडला, शिक्षा मुलावर गेली, आणि दावीद आदर्श राजा राहिला. अहाबनेही गोणपाट नेसून उपास केला तेव्हा त्याच्या घराण्यावरचे अरिष्ट त्याच्या हयातीपुरते पुढे ढकलले गेले. ईजबेलकडे कोणी नाथान आला नाही. तिच्या वाट्याला आली ती कुत्री तिला खातील ही भविष्यवाणी.

मग व्यभिचाराचा आरोप आला कुठून? एका वाक्यातून. येहू रथ भरधाव हाकत इज्रेलला येतो, योराम राजा विचारतो, सारे क्षेम आहे ना? येहू म्हणतो, तुझ्या आईचे जारकर्म आणि चेटूक चालू असता कसले क्षेम? बंडखोर सेनापतीने, धनुष्य ताणण्यापूर्वी, राजाला आईवरून दिलेली ही शिवी आहे. शिवाय इस्राएली संदेष्ट्यांच्या बोलीत परदेवतेची पूजा म्हणजेच जारकर्म. होशेयासारखे संदेष्टे संपूर्ण राष्ट्राला तीच शिवी घालतात आणि तिथे कोणी ती शब्दशः घेत नाही. ईजबेलच्या बाबतीत घेतली.

त्या शिवीला जोड मिळाली शेवटच्या दृश्याची. मुलगा मारला गेला आहे. यहूदाची राणी अथल्या ही तिची मुलगी धरली, तर बावीस-तेवीस वर्षांचा नातू अहज्याही, यहूदाचा राजा, त्याच हल्ल्यात गेला आहे. येहू फाटकात येतो. ईजबेल डोळ्यांत सुरमा घालते, केस नीट करते, खिडकीशी येते. शतकानुशतके प्रवचनकारांनी सांगितले की ती म्हातारी येहूला भुलवायला नटली. भुलवायला निघालेली बाई काय बोलते ते ग्रंथात दिले आहे: ती त्याला जिम्री म्हणून हाक मारते, धन्याला मारणारा, सात दिवसांचा राजा. याहून झोंबरे त्या प्रसंगी दुसरे काही बोलता आले नसते. खिडकीतून पाहणाऱ्या, नटलेल्या स्त्रीचे मुख हस्तिदंतात कोरण्याची फिनिशियन कारागिरांची आवडती रीत होती; निमरूदच्या अवशेषांत अशी कोरीव कामे सापडली आहेत, आणि अहाबचा हस्तिदंती वाडा ज्या शोमरोनात होता तिथेही हस्तिदंताचे तुकडे मोठ्या संख्येने निघाले. त्या खिडकीत येताना ती राणीच्या पूर्ण इतमामात आली. तिच्या खोजांनी तिला खाली लोटले, घोडे तिच्यावरून गेले, येहू आत जाऊन जेवला, प्यायला. मग त्याला आठवले की ती राजकन्या आहे, पुरायला हवी. माणसे गेली तेव्हा कवटी, पाय आणि तळहात एवढेच शिल्लक होते.

ग्रंथकर्ता तिचा द्वेष करतो, पण तिचे शेवटचे वाक्य त्याने पुसले नाही, आणि त्याबद्दल त्याला मी लेखक म्हणून मानतो.

येहूचे पुढे काय झाले हे सांगायला हवे, कारण प्रवचने तिथपर्यंत जात नाहीत. अहाबच्या ७० मुलांची मुंडकी टोपल्यांत भरून इज्रेलला आली आणि वेशीपाशी दोन ढीग लावले गेले. सोरशी सलोखा संपला, यहूदाशी संपला. दमास्कसच्या हजाएलाने इस्राएलचा पूर्वेकडचा मुलूख तोडला, आणि इ.स.पू. ८४१ साली येहू शल्मनेसरला खंडणी देत होता. ब्रिटिश म्युझियममधल्या काळ्या स्तंभावर तो, किंवा त्याचा वकील, नाक जमिनीला लावून ओणवा आहे आणि वर त्याला 'अम्रीचा पुत्र' म्हटले आहे. ज्या घराण्याचा त्याने निर्वंश केला त्याचेच नाव. १९९३-९४ साली तेल दान येथे मिळालेल्या अरामी शिलालेखात तर इस्राएलचा योराम आणि यहूदाचा अहज्या या दोन्ही राजांना आपण मारले असे एक अरामी राजा, बहुधा हजाएलच, सांगतो. नावे अर्धवट तुटलेली आहेत, पण बहुतेक अभ्यासक ती अशीच वाचतात. आणि शंभरेक वर्षांनी होशेय संदेष्टा इज्रेलच्या रक्तपाताचा जाब येहूच्या घराण्याला विचारला जाईल असे बजावतो. म्हणजे येहूच्या बंडाबद्दल खुद्द बायबलचेही एकमत नाही.

ईजबेलच्या नावाचा पुढचा प्रवास थोडक्यात. प्रकटीकरणाच्या पुस्तकात थुवतीरा नगरीच्या मंडळीतल्या एका संदेष्ट्रीला तिच्या विरोधकाने ईजबेल म्हटले. त्या बाईचे खरे नाव कायमचे गेले. १५५८ साली जॉन नॉक्सने स्त्रियांच्या राज्याविरुद्ध पुस्तक लिहिले तेव्हा इंग्लंडच्या मेरी राणीसाठी हेच नाव हाताशी होते. सगळ्यात नीच वापर अमेरिकेत झाला. गुलाम काळ्या स्त्रिया स्वभावतःच कामुक असतात असा समज पसरवून त्यांना 'जेझबेल' ठरवले गेले, म्हणजे मालकाने केलेल्या बलात्काराचा दोष तिच्याच अंगाला लागे. इथे नाबोथाच्या गोष्टीतली सत्ता कोणाकडे होती आणि नाव कोणाला चिकटवले, हे पाहून संताप येतो.

एलिझाबेथ केडी स्टॅन्टन आणि तिच्या सहकारिणींनी १८९५ ते १८९८ दरम्यान 'द वुमन्स बायबल' काढले तेव्हापासून फेरविचार चालू आहे. जॅनेट हाउ गेन्सने १९९९ साली ईजबेलच्या वाङ्मयीन प्रतिमांचा मागोवा घेतला, लेस्ली हेझल्टनचे चरित्र २००७ साली आले. या लेखिकांचे ऋण मोठे आहे. तरी अलीकडच्या लिखाणात एक नवी मूर्ती घडताना दिसते: उदार, बहुदेववादी, सुसंस्कृत ईजबेल आणि तिच्यासमोर रानटी एलीया. या मूर्तीत नाबोथाला जागा मिळत नाही, मिळाली तर तळटीपेत. जुन्या प्रवचनकारांनी त्याला तिच्या काजळाआड लपवले, नव्यांनी तिच्या संस्कृतीआड. मला दोन्ही सारखेच खटकते.

वस्तूंच्या पुराव्याविषयी एक इशारा. इज्रेलचे उत्खनन १९९० ते १९९६ दरम्यान झाले, २०१३ साली तिथे खडकात कोरलेला जुना द्राक्षकुंड उघडा पडला, आणि वर्तमानपत्रांनी लगेच नाबोथाचा मळा सापडल्याचे मथळे दिले. त्या परिसरात प्राचीन काळी द्राक्षे पिकत होती, एवढेच त्यावरून सिद्ध होते. नाहमान अविगाद यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या एका मुद्रेवर ईजबेलच्या नावाशी जुळणारी चार अक्षरे आहेत. डच अभ्यासिका मार्यो कोर्पेल यांनी ती राणीचीच असल्याचे मांडले. पण ती मुद्रा उत्खननात मिळालेली नाही, बाजारातून आलेली आहे, आणि वरचा काठ तुटलेला आहे. ती या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घ्यावी अशी सूचना झाली होती. मी नको म्हटले.

नावे मराठी बायबलमध्ये आहेत तशी ठेवली आहेत. वाचकांनी आधी मूळ प्रकरणे वाचावीत: पहिल्या राजेमधली १६ ते १९ आणि २१ ही पाच, दुसऱ्यातले नववे आणि दहावे. तासाभराचे काम आहे. मग पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडावे. तिथे नाबोथाचा खटला मी कोर्टात मांडावा तसा मांडला आहे, आणि आरोपींच्या यादीत ईजबेल पहिली, अहाब दुसरा, आणि त्यांच्यानंतर इज्रेलचे ते सारे वडीलजन आहेत ज्यांनी पत्र वाचले आणि उपासाचा दिवस जाहीर केला.